मुलाने फाउंड्रीत यावे का?

आदरणीय महोदय,

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील आपल्या छोट्या फाउंड्रीचा (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचा) जर्मन ग्राहक चिनी दर पुढे करून किंमत उतरवून मागतो. अशा वेळी बारावी विज्ञान झालेल्या चिरंजीवांना या धंद्यात आणावे की संगणक शाखेला पाठवावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, फाउंड्री पुढे कोणते काम करणार हे आधी ठरवावे लागेल.

कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतून घडवलेल्या धातूच्या भागांच्या, उत्पादनात चीन जगात पहिला आणि भारत दुसरा आहे. एकाच पॅटर्नचे (ज्यावरून साचा घडवतात त्या नमुन्याचे) हजारो नग ओतण्याच्या कामात किलोच्या दराने चीनशी झुंजण्यात लहान कारखान्याची शक्ती वाया जाते. मात्र पंप आणि व्हॉल्व्हची कमी नगांची, अवघड कोअरची (भागात पोकळी ठेवण्यासाठी साच्यात बसवलेल्या गाभ्याची), ड्रॉइंग वरचेवर बदलणारी कामे मोठ्या कारखान्यांना नकोशी असतात. आपल्याकडे पॅटर्नवाला, मशिन शॉप आणि फाउंड्री काही किलोमीटरच्या परिसरात असल्याने ती कामे लवकर हातावेगळी होतात. तेव्हा कच्चे कास्टिंग किलोवर विकण्याऐवजी मशिनिंग करून, हीट नंबरनिशी (धातू कोणत्या वितळणीतला हे सांगणाऱ्या क्रमांकानिशी) तपासणीचा दाखला जोडून, नगावर विकण्याकडे वळावे.

आयात मालावर त्याच्या निर्मितीतील कार्बन उत्सर्जनानुसार आकार लावणारी युरोपीय संघाची कार्बन सीमा व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली असून तिच्या यादीत लोखंड-पोलादाच्या अनेक वस्तू आहेत. आपला माल त्या यादीत येतो का, हे एचएस कोडवरून (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकावरून) तपासावे. येत नसला तरी भट्टीत वितळवलेल्या दर टनामागे किती वीज लागते याची नोंद आजपासूनच ठेवावी.

या वाटेने जायचे तर कारखान्याला धातूची जाण असलेला माणूस हवा, आणि त्यासाठी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेतील मेटलर्जीची (धातुशास्त्राची) पदवी उत्तम. संगणकाची आवडही इथे वाया जात नाही, कारण साच्यात धातू कुठे आक्रसेल आणि पोकळी कुठे राहील हे ओतण्यापूर्वीच संगणकावर दाखवणारे सिम्युलेशन हे याच क्षेत्रातले काम आहे. मला तर तोच त्यांच्यासाठी सर्वांत आशादायक मार्ग वाटतो.

प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत त्यांना रिजेक्शनचे रजिस्टर (नापास मालाची नोंदवही) हाती द्यावे. ब्लोहोल (वायू अडकून कास्टिंगमध्ये राहणारी छिद्रे) कोणत्या पाळीत वाढतात, वाळूतली ओल किती होती, हे त्यांना स्वतःहून शोधावेसे वाटले, तर कल आपोआप कळेल. नाही वाटले, तर त्यांना मनासारखे शिकू द्यावे आणि त्या जागी एखादा मेटलर्जीचा डिप्लोमाधारक नेमावा; ग्राहकाला उत्तर देण्यासाठी मुलाची पदवी पूर्ण होईपर्यंत चार वर्षे थांबणे आपल्याला परवडणारे नाही.