चांदीच्या तारेवरचा प्रकाश, की बी.एड.?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरी सहा एकर कोरडवाहू, मुलगी दारव्ह्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. एका व्याख्यानात तिनं चांदीच्या नॅनोतारेवरून धावणाऱ्या प्रकाशाबद्दल ऐकलं आणि आता तेच शिकायचं म्हणते. तुम्ही विचारता, "असं खरंच काही असते का? का बी.एड. करू द्यावी?"

असतं, भाऊ. ही तार केसाहून काहीशे पट बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या एका टोकावर लेझरचा ठिपका पाडला, की मधली तार काळीच राहते आणि दुसरं टोक उजळतं. प्रकाश चांदीच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन झुलवतो आणि शेततळ्यावर लहर सरकावी तशी ती हालचाल तारेवरून पुढं जाते. तिला सरफेस प्लाझमॉन म्हणतात. लेझरच्या प्रकाशाची कंपनदिशा फिरवली की दूरचं टोक कमीजास्त उजळतं. लाटेवर ताबा मिळवायचा तो असा. पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच ती विरू लागते, तिची ऊर्जा उष्णता होऊन जाते. अशा धातूजवळ प्रकाश इतका एकवटतो, की भाजीवरचा कीटकनाशकाचा अंशही ओळखता येतो. पाठीवर फवारणीचा पंप घेणाऱ्याला याचं मोल मी काय सांगू!

आता पोटापाण्याचं. नुसत्या बीएस्सीवर या कामात शिरकाव नाही. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आयआयटीची जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा द्यावी, मग 2 वर्षं एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडीची पाचेक वर्षं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. म्हणजे ओढाताण आहे ती एमएस्सीपर्यंतची. बी.एड. कुठं पळून जात नाही. एमएस्सीनंतर केली तर ज्युनिअर कॉलेजात शिकवता येतं.

तिला एक विचारा: प्रॅक्टिकलला न्यूटन रिंग, म्हणजे भिंगातून दिसणारी उजेड-काळोखाची कडी, मोजताना कंटाळते का? संशोधनात दिवसचे दिवस डोळा असाच भिंगाला लागलेला असतो. तिथं रमत असेल तर मला शंका नाही. प्रकाशशास्त्र आणि विद्युतचुंबकत्व पक्कं करू द्या, जॅमचे जुने पेपर आतापासून सोडवू द्या.

पत्राच्या शेवटी लग्नाबद्दलची एक ओळ तुम्ही लिहून खोडली आहे. एमएस्सी होईस्तोवर ती खोडलेलीच राहू द्या.