ब्रेकरला जोडलेली ‘यूव्ही कॉइल’ नेमके काय करते?

गेल्या अंकात सर्किट ब्रेकरला बसवायच्या जोडउपकरणांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रे एकाच उपकरणाविषयी आहेत, ते म्हणजे अंडरव्होल्टेज रिलीज. कारखान्यांत आणि पॅनेल बांधणाऱ्यांत त्याला ‘यूव्ही कॉइल’ किंवा नुसतेच ‘यूव्हीआर’ म्हणतात. या अंकाची सारी जागा त्या पत्रांनाच दिली आहे.

प्रश्न : आमच्या लहान कारखान्यात २०० अँपिअरचा एमसीसीबी (मोठ्या प्रवाहासाठीचा सर्किट ब्रेकर) असून त्याला ४१५ व्होल्टची यूव्ही कॉइल बसवलेली आहे. पॅनेल देणाऱ्याने तेव्हा सांगितले होते की, व्होल्टेज कमी झाले तर ब्रेकर आपोआप पडेल आणि मोटरी वाचतील. या उन्हाळ्यात दुपारी दोन-दोन तास व्होल्टेज ३३० च्या आसपास राहिले, ब्रेकर एकदाही पडला नाही आणि १५ अश्वशक्तीची एक मोटर जळाली. कॉइल सदोष समजायची का? — एक लघुउद्योजक, कुपवाड

उत्तर : कॉइल सदोष नाही. तिच्याकडून जी अपेक्षा तुम्हाला करायला सांगितली गेली, ती चुकीची आहे, आणि त्या चुकीचे मूळ उपकरणाच्या नावातच आहे. ‘अंडरव्होल्टेज’ म्हटल्यावर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडा उतरला की हे उपकरण सावध होत असेल, असे कुणालाही वाटावे. परंतु आयएस/आयईसी ६०९४७ या मानकात त्याची जी व्याख्या आहे तीनुसार, दाब नियत मूल्याच्या ७० टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत उतरत असताना या पट्ट्यात कुठेतरी ब्रेकर पडला पाहिजे, ३५ टक्क्यांखाली तो चालूच होता कामा नये आणि ८५ टक्के किंवा त्याहून अधिक दाब असेल तर तो चालू करता आला पाहिजे. तुमच्या कॉइलसाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे २९०, १४५ आणि ३५३ व्होल्ट होतात. ३३० व्होल्टला ती गप्प बसली ती नियमाप्रमाणेच. २९५ ला गप्प बसली असती तरी तिला दोष देता आला नसता. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन कॉइलींपैकी एक २८० ला आणि दुसरी १६० ला सुटली, तर मानकाच्या दृष्टीने दोन्ही उत्तीर्ण होतात.

पट्टा इतका रुंद असण्याचे कारण चुंबकाच्या स्वभावात आहे. कॉइलमधला दांडा आत ओढून घेताना मधली हवेची फट मोठी असते, त्यामुळे भरपूर जोर लागतो. तो एकदा आत चिकटला की फट जवळजवळ नाहीशी होते आणि अगदी थोड्या दाबावरही तो धरून ठेवता येतो. स्प्रिंगचा जोर या धरून ठेवणाऱ्या चुंबकावर मात करील तेव्हाच दांडा सुटतो व ब्रेकरची खिट्टी काढतो. हे दाब मोजणारे उपकरण नव्हे. वीज आहे की गेली, एवढेच ते ओळखते.

मग ते असते कशासाठी? वीज जाण्यापेक्षा ती परत येण्याचा क्षण कारखान्यात अधिक धोक्याचा असतो. करवत किंवा प्रेस चालू असताना वीज गेली, कारागिराने अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि तेवढ्यात वीज परतली, तर काय होईल हे सांगायला नको. यूव्ही कॉइल असली की वीज जाताच ब्रेकर पडतो आणि वीज परतली तरी कुणीतरी येऊन हाताने चालू करीपर्यंत पडूनच राहतो.

तुमच्या मोटरीकडे वळू. ३३० व्होल्ट म्हणजे ४१५ च्या जवळपास ८० टक्के. मोटरीचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून तिची ताकद ६३-६४ टक्क्यांवर आली. यंत्राने मागितलेले काम मात्र तेवढेच राहिले, त्यामुळे मोटरीने सुमारे सव्वापट प्रवाह ओढला, आणि वाइंडिंगच्या तांब्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने ती दीडपटीहून अधिक झाली. २१ अँपिअर घेणारी मोटर २६ अँपिअर घेऊ लागली, तर २०० अँपिअरच्या ब्रेकरला त्याची दखल घेण्याचे कारणच नाही. दखल घ्यायची होती ती त्या मोटरीच्या स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेने. नीट लावलेला रिले सव्वापट प्रवाहावर दोन तासांच्या आत सुटायला हवा. तुमच्या रिलेची चकती मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरवर आहे की ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून कुणी ती पुढे सरकवली आहे, हे आधी पाहा; माझा संशय तिथेच आहे. शिवाय कमी दाबालाच यंत्रे थांबवायची असतील तर पॅनेलमध्ये तिन्ही फेज मोजणारा व्होल्टेज मॉनिटरिंग रिले बसवा, त्यावर ३५०-३६० व्होल्टची मर्यादा आणि काही सेकंदांचा विलंब ठेवा, आणि त्याचा संपर्क (आतला स्विच) याच यूव्ही कॉइलच्या वाटेत घाला. मोजण्याचे काम रिले करील आणि पाडण्याचे काम कॉइल करील.

आणखी एक. ही कॉइल दोनच फेजच्या मध्ये जोडलेली असते. तिसरा फेज गेला तर तिला कळण्याचा मार्गच नाही. तिच्या दोहोंपैकी एखादा फेज गेला तरी चालू असलेली मोटर त्या तुटलेल्या फेजवर स्वतःच बराचसा दाब निर्माण करते आणि त्या उसन्या दाबावर कॉइल धरून राहू शकते. म्हणून सिंगल फेजिंगपासून (एक फेज जाऊन मोटर उरलेल्या दोहोंवर चालण्यापासून) बचावासाठी प्रवाहावर चालणारा प्रिव्हेंटर निराळा लागतो.

प्रश्न : आमच्याकडे उलट तक्रार आहे. शेजारच्या कारखान्यातली मोठी मोटर सुरू झाली की दिवे क्षणभर मंद होतात आणि आमचा मुख्य ब्रेकर पडतो. वायरमनने यूव्ही कॉइलचा दांडा तारेने बांधून टाकला आहे. त्यात काही धोका आहे का? — एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : धोका आहे, आणि तो वर सांगितलेलाच आहे: वीज परतताच यंत्रे अचानक सुरू होण्याचा. ती तार आजच सोडवा. दाबात क्षणिक झोल (घसरण) येणार हे गृहीत धरून या कॉइलसाठी विलंब एकक मिळते. त्यात साठवलेल्या विजेवर कॉइल साधारण अर्ध्या सेकंदापासून तीन सेकंदांपर्यंत धरून राहते; झोल तेवढ्यात सरला तर ब्रेकर पडत नाही. मात्र त्याच झोलात स्टार्टरांतले काँटॅक्टर (मोटरीचा पुरवठा जोडणारे-तोडणारे स्विच) सुटणार असतील तर मोटरी थांबतीलच. मुख्य ब्रेकर पडून दिवे, संगणक आणि इतर सारे अंधारात जाणे तेवढे टळेल.

विलंब एकक बसवताना एक चूक वारंवार होताना दिसते. आपत्कालीन थांबण्याचे लाल बटण याच कॉइलच्या वाटेत असेल आणि ते विलंब एककाच्या आधी जोडलेले असेल, तर बटण दाबल्यावरही ब्रेकर तीन सेकंदांनी पडतो. बटण नेहमी एकक आणि कॉइल यांच्या मध्ये हवे. तीन सेकंद हा यंत्राच्या पट्ट्यात अडकलेल्या माणसासाठी फार मोठा काळ आहे.

याच संदर्भात, आपत्कालीन बटणासाठी शंट ट्रिप चांगले की यूव्हीआर, असेही एका वाचकाने विचारले आहे. शंट ट्रिपला वीज दिली की ब्रेकर पडतो. यूव्हीआरची वीज काढली की पडतो. बटणाची तार उंदराने कुरतडली तर यूव्हीआर असलेला ब्रेकर तत्काळ पडतो आणि बिघाड लगेच उघडकीस येतो. शंट ट्रिपची तार तुटली तर कुणाला पत्ताही लागत नाही, तो लागतो थेट बटण दाबण्याची वेळ आल्यावर. माणसाच्या सुरक्षिततेसाठी म्हणून मी यूव्हीआर निवडीन. जिथे पुरवठा खंडित होणेच घातक आहे, तिथे शंट ट्रिप घ्यावे आणि त्याची तार नियमित तपासत राहावे.

प्रश्न : नवीन बसवलेला एमसीसीबी चालूच होत नाही, खटका वर नेला की लगेच सुटतो. ब्रेकर बदलून पाहिला, तरी तेच. — एक वायरमन, चिपळूण

उत्तर : ब्रेकर परत करण्याआधी कॉइलच्या तारा कुठून घेतल्या आहेत ते पाहा. त्या ब्रेकरच्या खालच्या, म्हणजे भाराच्या बाजूने घेतल्या असतील तर तो कधीच चालू होणार नाही, कारण कॉइलला वीज मिळण्यासाठी ब्रेकर चालू हवा आणि ब्रेकर चालू होण्यासाठी कॉइलला वीज हवी. तारा वरच्या, पुरवठ्याच्या बाजूने, लहान फ्यूज घालून घ्या. तारा बरोबर असतील तर कॉइलवरचा आकडा वाचा. ४१५ ची कॉइल फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडली तर तिला तिच्या मूल्याच्या ५८ टक्केच दाब मिळतो आणि ती उचलत नाही. उलट २३० ची कॉइल दोन फेजमध्ये जोडली तर ती थोड्याच वेळात जळते, आणि जळलेल्या कॉइलचेही लक्षण हेच. सुटलेल्या ब्रेकरचा खटका मधल्या जागी थांबतो व तो आधी पूर्ण खाली ओढावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

प्रश्न : आमची विहीर घरापासून लांब आहे आणि शेतीची वीज पाळीप्रमाणे बऱ्याचदा रात्री येते. बिबट्याच्या भीतीने रात्री कुणी जात नाही, म्हणून सगळ्यांनी ऑटोस्विच लावले आहेत. महावितरण ते काढायला सांगते. त्याऐवजी यूव्ही कॉइल बसवली तर चालेल का? — एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : यूव्ही कॉइल ऑटोस्विचच्या नेमके उलट काम करते. वीज आल्यावर मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून तुम्ही ऑटोस्विच लावला. ती आपोआप सुरू होऊ नये म्हणून यूव्ही कॉइल असते. शिवाय तुमच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल (वीज गेली की मोटर तोडणारी) पहिल्यापासून आहेच, आणि ऑटोस्विच तिलाच चकवतो. तेव्हा हा खर्च करू नका.

ऑटोस्विचला विरोध का, याचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. ५ अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते आणि थेट सुरू होताना त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअर मागते. एका डीपीवरच्या दहा मोटरी एकाच क्षणी उठल्या तर मागणी ४५० अँपिअरची होते, आणि १०० केव्हीएच्या रोहित्राची क्षमता सुमारे १३५ अँपिअर असते. दाब कोसळतो, कोसळलेल्या दाबावर मोटरींना वेग घेता येत नाही, वेग येत नाही तोवर प्रवाह उतरत नाही, आणि शेवटी डीपीचे फ्यूज जातात किंवा रोहित्रच जळते. मग आठ-आठ दिवस पाणी कुणालाच मिळत नाही.

तुमची अडचण खरी आहे, आणि ‘ऑटोस्विच काढा’ एवढे सांगून ती सुटत नाही. एका डीपीवरच्या सर्वांनी मिळून प्रत्येकाच्या स्टार्टरला निराळ्या विलंबाचा टायमर लावावा: पहिल्याची मोटर एका मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, अशी. मोबाइलवरून चालू-बंद होणारे स्टार्टरही आता मिळतात. प्रत्येक मोटरीला योग्य मापाचा कपॅसिटर असेल तर चालू मोटरींचा रोहित्रावरचा भार हलका होतो.

प्रश्न : घरातल्या एमसीबीला यूव्ही कॉइल जोडून फ्रिज वाचवता येईल का? — एक गृहिणी, कणकवली

उत्तर : नाही. २३० व्होल्टचे ७० टक्के म्हणजे १६१ व्होल्ट. फ्रिजचा काँप्रेसर त्याच्या पुष्कळ आधी हैराण झालेला असतो. शिवाय तुम्ही आठ दिवस गावाला गेलात आणि वीज क्षणभर जाऊन आली, तर एमसीबी पडलेलाच राहील आणि परत आल्यावर फ्रिज उघडवणार नाही. रस्त्यावरचा न्यूट्रल तुटून घरात ३०० व्होल्ट शिरले तर ही कॉइल काही करणार नाही. कदाचित स्वतःच जळून जाईल. तुम्हाला हवे आहे ते कमी व जास्त असे दोन्ही दाब मोजणारे, आपोआप तोडणारे आणि दाब पूर्ववत झाल्यावर तीन-चार मिनिटे थांबून पुन्हा जोडणारे उपकरण. ती तीन मिनिटे काँप्रेसरच्या दोन्ही बाजूंचा वायुदाब समान होण्यासाठी लागतात. ते घेताना त्याच्यावरचा अँपिअरचा आकडा तुमच्या भाराहून मोठा आहे, एवढे वायरमनकडून पाहून घ्या.