‘पाद्री’, ‘धर्मगुरू’ की ‘पाळक’?

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मस्कोका सरोवराच्या काठी असलेल्या ग्रेव्हनहर्स्ट या गावावर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, तिथे जन्मलेले शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे वडील प्रेस्बिटेरियन चर्चचे ‘पाद्री’ होते असे लिहावे की ‘धर्मगुरू’?

माझे मत तिसऱ्याच शब्दाच्या बाजूने, म्हणजे ‘पाळक’ या शब्दाच्या बाजूने आहे. ‘पाद्री’ पोर्तुगिजांबरोबर आला आणि मुळात तो कॅथलिकांचा. एकोणिसाव्या शतकात तो सरसकट सगळ्या मिशनऱ्यांना लावला गेला आणि त्या काळच्या धार्मिक वादांमुळे त्याला जो हेटाळणीचा वास लागला, तो अजून पुरता गेलेला नाही. ‘धर्मगुरू’ वसईच्या कॅथलिक समाजात रुळलेला, आदराचा शब्द आहे. मात्र प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथात कारभार एकट्या गुरूच्या हाती नसून मंडळीने निवडलेले वडीलजनही त्यात सहभागी असतात, त्यामुळे तिथे तो सैल बसतो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र ‘पाळक’ हाच रोजचा शब्द आहे, आणि त्यामागे बायबलमधला मेंढपाळ आहे. नावाआधी ‘रेव्हरंड’ लावावे. रेव्हरंड टिळकांमुळे ते मराठीला परके उरलेले नाही.

याच लेखात बेथ्यून यांच्या जन्मघराला ‘वडिलोपार्जित’ म्हटले आहे, ते मात्र बदलायला हवे. १८८० साली बांधलेले हे लाकडी घर चर्चचे होते आणि पाळकाच्या कुटुंबाला राहण्यासाठी दिले जाई. १८९० साली नॉर्मन तिथे जन्मले ते वडिलांची नेमणूक त्या गावी होती म्हणून. कॅनडा सरकारने १९७६ साली ते स्मारक म्हणून खुले केले. तेव्हा ‘पाळकांचे निवासस्थान’ एवढे साधे लिहिणे पुरेसे आहे.

पाळकांचा हा मुलगा १९३५ साली कम्युनिस्ट झाला, हे त्या घरासंबंधी लिहिताना गाळू नये. चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात जंतुसंसर्ग होऊन १९३९ साली ते वारले. त्यांच्या नावाने तिथे उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद पुढे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे आले, त्यामुळे मराठी लेखात हा उल्लेख ओघानेच यावा.