सातबारा वर्गात आण

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. मुलं मोबाइलवर बोलून निबंध उतरवतात, फोटो काढून गणित सोडवतात, मग वाचन-लेखनावर एवढी मेहनत कशाला, असं तुझ्या शाळेत विचारलं जातंय. माझं उत्तर सरळ आहे. मेहनत वाढवावी लागेल.

जनगणनेत सात वर्षांवरच्या, कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणाऱ्या माणसाला साक्षर धरतात. त्यातलं समजणं आपण बहुतेक वेळा सोडून दिलं. १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम आपल्याच सातारा जिल्ह्यात सुरू झाली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. फार मोठं काम होतं ते. अंगठ्याच्या जागी सही आली, एसटीची पाटी वाचता आली, की माणूस ताठ उभा राहायचा. आता पाटी मोबाइलही वाचून दाखवतो. अडतं ते त्याच्या पुढे.

ई-पीक पाहणीच घे. २०२१ पासून शेतकऱ्यानं पिकाची नोंद स्वतः ॲपवर करायची. जावळी-पाटणकडे बाप बांधावर उभा असतो आणि नोंद सातवीतलं पोरगं करतं. बटणं त्याला सगळी येतात. पण घरात जमीन गुंठ्यांत बोलतात आणि जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर ती हेक्टर-आरमध्ये असते. हेक्टरचे १०० आर, एकराचे ४० गुंठे, आणि आर जवळपास गुंठ्याएवढाच. हे माहीत नसेल तर ०.२० आणि २.० यांतला फरक त्याला खटकतच नाही.

म्हणून सातबारा वर्गात आण. नमुना सातमध्ये नावं कुणाची, क्षेत्र किती, ‘इतर अधिकार’मध्ये सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, नमुना बारामध्ये गेल्या खरिपाला कुठलं पीक दाखवलंय, आणि खरं कुठलं होतं? आईचं नाव आहे का, हे मुलींना शोधू दे. भूमिहीन घरातलं लेकरू अवघडेल, तेव्हा सोबत वीजबिलही ठेव. युनिट आणि स्थिर आकार वाचायलाही डोकं लागतं.

एआयला घाबरू नकोस, पण त्याची परीक्षा मुलांनी घ्यायची. तुमची शाळा कधी सुरू झाली, हे त्याला विचारायला लाव. पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशोबानं ते वाक्य रचत जातं. त्यामुळे मराठी सफाईदार आणि साल चुकीचं, असं सहज होतं. मग कपाटातलं मुलांच्या प्रवेशनोंदींचं जनरल रजिस्टर काढा. शाळा फार जुनी असेल तर पहिली पानं मोडी लिपीतही निघतील. चांगल्या शिकलेल्या माणसांनी लिहिलेली ती पानं आपल्याला, शिकलेल्यांना, वाचता येत नाहीत. २०२३ मध्ये जुन्या दप्तरांतल्या कुणबी जातीच्या नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली, ते तू पाहिलंसच. जुनं कौशल्य टाकून देण्याची घाई मला त्यामुळेच पटत नाही. निबंध बोलून उतरवू दे, पण नंतर तोच वहीत हातानं दुरुस्त करायला लाव, आणि प्रत्येक खाडाखोडीचं कारण विचार. मला यात तासभर गेला तरी चालेल, अभ्यासक्रम थोडा मागे पडू दे.

पालकसभेत एक गोष्ट न विसरता सांग: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे घेताना पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा. हे मुलांकडूनच आयांना समजावून सांगू दे.

शाळेत एकच मोबाइल असला तरी पुरे. चौघांत एक उतारा दे आणि पहिले दोन तास तू कमी बोल. मुलं काय काय विचारतात, ते टिपून मला कळव.

तुझे,
सर