बाइकचा रेग्युलेटर (बॅटरी-दिव्यांना जाणारं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेलाय हे कसं ओळखायचं?
महिन्यात दोनदा हेडलाइटचा बल्ब उडाला म्हणताय आणि मेकॅनिक बॅटरी बदला म्हणतोय? थांबा, आधी मीटर लावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधा मल्टीमीटर सहज मिळतो. डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावा. इंजिन बंद असताना १२.५ च्या आसपास, रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ दिसायला हवं. १५ च्या वर चढत गेलं तर बहुतेक रेग्युलेटरच. बल्ब त्यानेच उडतात, बॅटरीही उकळते. १३ च्या पुढे सरकतच नसेल तर मात्र घाई नको, इंजिनातली वीज तयार करणारी कॉइलही गेलेली असू शकते. आणि हो, आपल्या पावसाळ्यानंतर आधी कप्लर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, उघडून बघा. हिरवट गंज, जळकी पिन, ढिली अर्थिंग... माझ्या गाडीचं दुखणं तेवढंच निघालं होतं.