सारसाचा फोटो न विचारता कॅलेंडरवर छापला, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी गोंदिया जिल्ह्यातला, तालुक्याच्या गावी छोटा स्टुडिओ आहे, लग्न-बारशाची कामं करतो न वेळ भेटला का पक्ष्यांचे फोटो काढतो. मागच्या पावसाळ्यात धानाच्या बांधीत सारसाची जोडी भेटली, तो फोटो कोपऱ्यात नाव लिहून फेसबुकवर टाकला. आता जंगलाजवळच्या एका रिसॉर्टनं तोच कॅलेंडरवर छापला, नाव कापून! फोन केला तर म्हणून राहिले, व्हॉट्सॲपवर आला होता, तुमचाच कशावरून, अन् पाहिजे तर पुढच्या वर्षी नाव टाकून देऊ. रजिस्ट्रेशन मी केलं नाही. आणखी एक, एका नवरीचा फोटो स्टुडिओच्या बोर्डावर लावला तर तिच्या घरचे भांडायला आले. काढला तर मीच ना?

उत्तर : भाऊ, व्हॉट्सॲपवर फिरला म्हणून फोटो बेवारस होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, आणि हक्क तुमच्या हयातीत न त्यानंतर ६० वर्षं चालतो. नाव टाकून देऊ ही तर भारीच मेहेरबानी! नावाचा हक्क कलम ५७ चा, छापायची परवानगी वेगळी, एक दिल्यानं दुसरी फिटत नाही. पेपरनं चालू बातमीसोबत छापला असता तर त्याला थोडी पळवाट होती, धंद्याच्या कॅलेंडरला ती कुठून येणार.

‘कशावरून’ला उत्तर म्हणजे तुमची मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी निघालेली, आणि त्याच जोडीचे आगेमागे काढलेले फोटो, ते त्यांच्याजवळ असूच शकत नाहीत. कॅलेंडरची एक प्रत मिळवा, फेसबुक पोस्टचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. रॉ फाइल मात्र कोणाच्या हातात देऊ नका, दाखवायची तेवढी छोटी कॉपी द्या, आणि ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की आतली तारीख-कॅमेऱ्याची माहिती उडून जाते. त्या माहितीत जीपीएस, म्हणजे फोटो काढल्याच्या जागेचा पत्ता, असलं तर आधी ते काढा, नाहीतर रिसॉर्टवाले उद्या पर्यटकांची जिप्सी घेऊन त्याच बांधीवर, शेतकऱ्याच्या धानाचे हाल न सारसाच्या घरट्याचेही.

मग स्पीड पोस्टानं पत्र टाका, त्यात फोटो कोणता, कुठं छापला, तुमच्या नेहमीच्या रेटनं किती पैसे झाले, किती दिवसांत पाहिजे, एवढंच लिहा, शिव्या नको. नाहीच ऐकलं तर वकील, आणि कलम ६२ मुळं दावा तुमच्याच जिल्हा न्यायालयात टाकता येतो, रिसॉर्टचं ऑफिस मुंबईला असलं तरी. दावा टाकायची मुदत ३ वर्षांची. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या चोरीला ६ महिने ते ३ वर्षं कैद न किमान ५० हजार दंड आहे, पण माझ्या मते पोलीस स्टेशन पहिल्याच दिवशी नको, पैसे पत्रानं सुटण्याची शक्यता जास्त.

आता नवरीचं. इथं तुमचं चुकलं भाऊ. कोणी पैसे देऊन ऑर्डरीवर फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसलं, तर कलम १७ प्रमाणं पहिला मालक तो गिऱ्हाईक, स्टुडिओवाला नाही. बोर्ड उतरवा. पुढच्या बिलबुकात ‘निवडक फोटो स्टुडिओच्या जाहिरातीसाठी वापरू’ अशी ओळ छापून घ्या न ऑर्डर घेतानाच त्याखाली सही घ्या, नवरीचीसुद्धा, फक्त तिच्या बापाची नको.