खर्च कशाने भागायचा

सप्रेम आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. रक्तदाब-मधुमेहाच्या एकत्रित उपचारांवरचा वर्षाचा सरकारी खर्च नोंदणी झालेल्या रुग्णांनी भागला आहेस. दरडोई आकडा लहान आला याचा तुला आनंद झालेला दिसतो. मला काळजी वाटली, म्हणून लगेच लिहायला बसलो.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीत मी अनेक वर्षं काढली. एका वर्षी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवूनही ॲम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी वेळेवर आली नाही. हाताशी होत्या त्या पुरवायच्या म्हणून तीस दिवसांऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या देऊ लागलो. औषधांचा खर्च कमी झाला आणि मार्चअखेरच्या बैठकीत आमचं कौतुकही झालं. वरच्या वाडीतल्या एक आजी दर दहा दिवसांनी एसटीने यायच्या. दोन खेपा आल्या, मग येईनाशा झाल्या. पुढे त्यांना मुलाने उचलून आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती. रजिस्टरमध्ये त्यांचं नाव तसंच होतं. तुझ्या पद्धतीने भागाकार केला असता तर त्याही 'स्वस्तात उपचार मिळालेल्या' रुग्णांत धरल्या गेल्या असत्या.

म्हणून भागाकारात खाली नोंदणी झालेले रुग्ण घेऊ नकोस, ज्यांचा बीपी १४०/९० च्या खाली आला आहे ते रुग्ण घे. २०१८ पासून सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत जो उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, त्याची मोजणी अशीच कडक आहे. तपासणीला न आलेला रुग्ण नियंत्रणात धरत नाहीत.

मनाने घेतलेले आकडे मांडून बघ. १००० रुग्ण, खर्च ६ लाख, म्हणजे दरडोई ६०० रुपये. पण नियंत्रणात ४००च, तर एकामागे १५००. आता उपकेंद्रातच महिन्याच्या गोळ्या मिळाव्यात म्हणून आणखी १ लाख घातले आणि नियंत्रणात ७०० आले, तर दरडोई ७०० दिसतील, पण नियंत्रणातल्या एकामागे १०००. पहिला आकडा बघणारा अधिकारी हा जास्तीचा एक लाख कापेल. त्याला दुसरा आकडा दाखवणं हे तुझं काम आहे.

'एकत्रित'चा हिशोब नाजूक असतो. सिस्टर एकाच बैठकीत बीपी बघतात, साखर तपासतात, कार्ड भरतात. त्यांचा पगार दोन्ही आजारांच्या नावावर पूर्ण टाकलास तर खर्च दुप्पट दिसेल. 'पगार तर होतोच' म्हणून सोडून दिलास तर आशाताईंच्या आणि सिस्टरांच्या कामाला किंमतच राहणार नाही. दोन दिवस उपकेंद्रात घड्याळ घेऊन बस आणि मिनिटं वाटून घे.

वाचलेला पैसा तुझ्या लेखाशीर्षात, म्हणजे तुझ्या खर्चाच्या खात्यात, दिसणार नाही, हेही ध्यानात ठेव. रक्तदाबाने किडनी गेली तर आठवड्याला दोनच डायलिसिस धरले तरी वर्षाला १०४ होतात. तो खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पडतो, गोळीचा खर्च मात्र तुझ्याकडे. दोन्ही तिजोऱ्या सरकारच्याच आहेत, पण एकाच कागदावर कुणी मांडत नाही. तू मांड.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. तरी एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी रुग्णाच्याच खिशातून जाते. तो सरकारी खर्च नव्हे, तो वेगळ्या रकान्यात लिही, पण लिहीच. आजी का येईनाशा झाल्या, याचं उत्तर त्या रकान्यात होतं.

नवा तक्ता करशील तेव्हा प्रत्येक उपकेंद्रात गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या तेही टाक. स्टॉक रजिस्टर स्वतः उघडून बघ, फोनवर विचारू नकोस. तक्ता आला की मी पुन्हा लिहितो.